राहून गेलेलं बेसांव

"क्लेटन, अरे झालं की तुझं तिसरं रहस्य! परत काय सुरू केलंस? झोपलास काय रे बाबू?"

पॅट्रिक हसत हसत म्हणाला, पण लवीनाच्या बोटांतली जपमाळ जागच्या जागी थांबली...

दोह्याजवळच्या अल वक्राच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळची रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकली असा दिवस सहसा उगवत नसे. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत असोत, नाहीतर खिडकीतला एसी घरघरत असो, दिवेलागणीला तिघंही आल्तारापुढे, घरातल्या छोट्या वेदीपुढे, गुडघ्यांवर बसत. रोजरीच्या पाच भागांना रहस्यं म्हणतात; पहिलं रहस्य पॅट्रिकचं, दुसरं लवीनाचं, तिसरं क्लेटनचं, मग उरलेली दोन पुन्हा मोठ्यांची, अशी वाटणी ठरून गेली होती. आणि ते तिसरं रहस्य हे त्या मुलाचं एकमेव मराठी होतं! दोह्यात जन्मलेला, इंग्रजी शाळेत वाढलेला सतरा वर्षांचा पोरगा. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायचा, पण आईने, त्याच्या जन्मदात्या डॉलीने, बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवलेला 'नमो मरिया' मात्र अस्खलित वसईच्या उच्चारात म्हणायचा. डॉली जाऊन कितीतरी वर्षं झाली, लवीना या घरात आली, त्याला मिसरूड फुटलं, तो दारात मावेनासा झाला, पण त्या रहस्यात त्याची जीभ कधी अडखळली नव्हती.

आज मंगळवार, म्हणजे दुःखाची रहस्ये. येशूच्या मस्तकावरचा काट्यांचा मुकुट त्याने सांगून संपवला, आणि क्षणभर थांबून, जणू काही म्हटलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरुवात केली होती. वडिलांनी टोकल्यावर तो गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. "सॉरी, डॅड... आय थॉट... सॉरी."

पॅट्रिकने चौथं रहस्य सुरू केलं. लवीनाचे ओठ हलत होते, पण मन प्रार्थनेत नव्हतं. ती एका मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सी विभागाच्या नोंदणी काउंटरवर बसायची. डोक्याला मार लागूनही 'मला काही झालं नाही' असं ठासून सांगणारी माणसं तिच्या खिडकीपुढून रोज जायची, आणि त्यातल्या कित्येकांना आपल्या मुलांची नावं आठवत नसत, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

रोजरी संपली. मग नेहमीप्रमाणे बेसांव. वसईतल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थना झाली की धाकट्यांनी मोठ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा, त्याला म्हणतात बेसांव. क्लेटन आधी वडिलांपुढे वाकला, मग लवीनापुढे. "आंटी, बेसांव." तो तिला आंटीच म्हणायचा, आणि तिने कधी वेगळं काही म्हणायला सांगितलं नव्हतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो किंचित कळवळला!

नंतर तो किचनमध्ये पाणी प्यायला आला तेव्हा तिने दार लोटून घेतलं.

"आज प्रॅक्टिसला काय झालं?"

"नथिंग." त्याने डोळ्यांवर हात आडवा धरला. "आंटी, कॅन यू स्विच ऑफ दॅट लाइट?"

"डोक्याला लागलंय तुझ्या."

त्याने ग्लास खाली ठेवला. मग एकदम तिच्या जवळ येऊन, लहानपणी ताप आल्यावर बोलायचा तशा आवाजात पुटपुटला, "प्लीज, डोंट टेल एनीवन. दॅट कोच इज कमिंग ऑन फ्रायडे, आंटी. फ्रॉम अमेरिका. फॉर मी! इफ आय डोंट प्ले... इट्स ओव्हर."

शुक्रवार! गेले दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. क्लेटन अमेरिकन फुटबॉल खेळायचा. पॅट्रिकच्या मते हा खेळ म्हणजे अर्धी कबड्डी आणि अर्धी दंगल. इथल्या अमेरिकन कुटुंबांनी आपल्या मुलांसाठी क्लब काढला, त्यात एक दिवस शाळेतल्या मित्राबरोबर हा गेला आणि तिथलाच झाला. लाइनबॅकर ही त्याची जागा. बचावाच्या फळीमागे उभं राहायचं, समोरच्यांच्या मनात कोणता डाव आहे तो चेंडू हलायच्या आत ओळखायचा, आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवा करायचा. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, पाठीवर चव्वेचाळीस नंबर... लवीनाला नियम कधी कळले नाहीत, पण तिने आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता. दारात उभं राहून, आलेला माणूस पाणी मागायला आलाय की भांडायला, हे त्याच्या चालीवरून ओळखणारा तो आपला क्लेटन! आणि आता अमेरिकेतल्या एका कॉलेजचा कोच त्याचा खेळ बघायला खास येणार होता. पसंत पडला तर तिथे शिक्षण, राहणं आणि कॉलेजच्या संघात जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅट्रिक हमद पोर्टवरच्या आपल्या ऑफिसात निघाला, तेव्हा लवीनाने त्याला जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. क्लेटनला तिने शब्द दिलाच नव्हता, त्यामुळे मोडायचा प्रश्न नव्हता.

पॅट्रिक ऐकत राहिला. चेहऱ्यावरून काळजी सरकली, पण तिच्या मागोमाग हट्टही आला.

"दमलाय तो, लवीना. परीक्षा, प्रॅक्टिस... एक रहस्य दोनदा म्हटलं म्हणून काय डोकं फुटलं? शुक्रवारची मॅच होऊन जाऊ दे. शनिवारी मी स्वतः नेतो डॉक्टरकडे. खलास."

"शनिवारी उशीर झाला तर?"

"डॉलीला मी शब्द दिलाय!" त्याचा आवाज जिन्यात घुमला. मग खाली आणून तो म्हणाला, "जाताना ती एवढंच बोलली होती. पोराला जिथवर जायचंय तिथवर जाऊ दे, मध्ये येऊ नकोस. तुला ते नाही कळायचं गो..."

तो गेला. लवीना वर आली आणि आल्ताराशेजारी लावलेल्या डॉलीच्या फोटोपुढे उभी राहिली. किती वेळा ती त्या हसऱ्या बाईशी मनातल्या मनात बोलली होती! त्याला मासे खायला कसे घालायचे, परीक्षेच्या दिवशी रागावायचं की नाही, सगळं तिला विचारून केलं होतं. आज ती मोठ्याने बोलली. "बाय, तू शब्द घेतलास तो त्याच्या सुखासाठी ना? मग मी मध्ये आले तर मला क्षमा करशील ना?" फोटोतली डॉली हसत होती, ती नेहमीच हसायची. त्यातून उत्तर काढायचं ते लवीनालाच काढावं लागणार होतं.

गुरुवारी ती क्लेटनला हॉस्पिटलात चल म्हणाली, तर त्याने खोलीचं दार आतून लावून घेतलं. शुक्रवारी सकाळी तिघं मिस्साला, चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, गेले. आखाती देशात रविवारी कचेरी आणि शुक्रवारी देऊळ. इथल्या ख्रिस्ती माणसांचा रविवार शुक्रवारी येतो. त्या शुक्रवारी लवीनाने ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रसादाची पवित्र भाकर, स्वीकारलं, जागेवर येऊन डोळे मिटले, आणि तिला एकाएकी स्वच्छ दिसलं की आपण बोललो तर हा मुलगा आपला राहणार नाही, आणि गप्प बसलो तर कदाचित तो कुणाचाच राहणार नाही! यातलं कुठलं दुःख आपण सोसू शकतो, एवढंच ठरवायचं होतं, आणि ते ठरवायला तिला स्तोत्र संपेपर्यंतही वेळ लागला नाही.

चर्चच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या रांगांत उभी राहून तिने उमैरला फोन लावला. उमैर हा क्लेटनचा कोच. आईवडील कराचीचे, जन्म टेक्सासचा, त्यामुळे इंग्रजी पक्कं अमेरिकन आणि हिंदी घरगुती.

"कोच साब, क्लेटन को मंगलवार को सर पे लगा है. वो बोलेगा नहीं, इसलिए मैं बोल रही हूँ. उसको मत खिलाइए."

 "आंटी, आपको पता है ना आज कौन आ रहा है?"

"मालूम है." ती म्हणाली. "और एक बात... उसको बता देना कि फोन मैंने किया. छुपाना मत."

मैदानावर उमैरने क्लबच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी क्लेटनला डोळे मिटून एका पायावर उभं केलं. तो भला दांडगा पोरगा, ज्याला दोन जण मिळून पाडू शकत नव्हते, वाऱ्याची झुळूकही नसताना डुलला आणि बाजूला कलंडला! पुन्हा केलं, पुन्हा तेच. उमैरने त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि त्याच्या जागी राखीव खेळाडू जैदला तयार व्हायला सांगितलं. मग हळू आवाजात काहीतरी बोलला. क्लेटनने मान वळवून वर प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडे पाहिलं, तिथे लवीना आणि पॅट्रिक बसले होते.

तो धावत आला. सगळे आईबाप वळून बघू लागले.

"व्हाय? व्हाय वुड यू डू दॅट?" त्याचा चेहरा अश्रूंनी आणि धुळीने माखला होता. "यू आर नॉट माय मदर! माय मदर वुड हॅव लेट मी प्ले!"

पॅट्रिकने लवीनाकडे पाहिलं. "तू फोन केलास? मला न सांगता?" त्यानंतर तो काही बोललाच नाही. मुलाच्या तोंडून निघालेल्या त्या वाक्यावर निदान एक 'क्लेटन!' अशी हाक तरी त्याने मारावी, म्हणून तिचा जीव तळमळत होता... पण तो मैदानाकडे बघत राहिला.

मॅच सुरू झाली. लवीनाला त्यातलं काही दिसत नव्हतं, तिला फक्त बाकावर टॉवेल डोक्यावर ओढून बसलेला तिचा मुलगा दिसत होता. जैद गुणी पोरगा, पण नवखा. समोरचे त्याला डावीकडे दाखवून उजवीकडून जात होते. दुबईच्या संघाने दोनदा तसं केलं. तिसऱ्या वेळी बाकावरचा टॉवेल खाली पडला, क्लेटन उठून रेषेपर्यंत आला आणि घसा फोडून ओरडला, "जैद! राइट! ही इज गोइंग राइट!" जैद वळला, आणि चेंडूवाला त्याच्या मिठीत सापडला. मग मॅच संपेपर्यंत तो तिथेच उभा होता, चेंडू हलायच्या आत डाव सांगत. राग गिळून, डोळे पुसत, पण सांगत! पलीकडच्या कोपऱ्यात निळी टोपी घातलेला एक थोराड गोरा माणूस बसला होता. तोही, लवीनाच्या लक्षात आलं, चेंडूकडे बघतच नव्हता. त्याची नजर बाकाच्या दिशेला होती.

संघ जिंकला. क्लेटनने मात्र कुणाशी हात मिळवला नाही.

मॅचनंतर त्याला तपासून हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला हादरा बसलाय. त्यावर आज दुसरा बसला असता तर जिवावर बेतलं असतं. पॅट्रिकचा चेहरा पांढराफटक पडला. घरी येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "बरोबर होतीस तू. पण..." त्या 'पण'च्या पुढे त्याला जाता येईना, आणि लवीनानेही त्याला पुढे ढकललं नाही.

दुसऱ्या दिवशी पॅट्रिकची थोरली बहीण मेलिसा दोह्यातल्या बिन महमूदहून मेट्रो पकडून, चिकनचं कालवण घेऊन हजर. कालवण टेबलावर, आणि ठसका लवीनाला!

"मी सगळं ऐकलं. अगो, डॉक्टरकडे न्यायचं होतंस, घरात कोंडायचं होतंस. चारचौघांत पोराला असा उघडा पाडतात? ज्याच्यासाठी तो गोरा आला त्याच्या देखत?" आणि मग ते आलंच. "पोटचा असता, तर केला असतास फोन?"

पॅट्रिक हॉलमध्ये होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. लवीना वाट बघत राहिली. हॉलमधून टीव्हीवरच्या बातम्यांखेरीज कुठलाही आवाज आला नाही.

"कालवण गरम करते, मेलिसाबाय," ती म्हणाली. "तुम्ही जेवूनच जा."

त्या संध्याकाळी रोजरी झाली. क्लेटनने तिसरं रहस्य नीट सांगितलं. मग तो उठला, वडिलांपुढे वाकला, बेसांव घेतलं, डॉलीच्या फोटोपुढे हात जोडले... आणि लवीनासमोरून सरळ आपल्या खोलीत निघून गेला! आशीर्वादासाठी उचललेला तिचा हात अर्ध्यावर राहिला. तिने त्याच हाताने ओढणी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग तो नेमच झाला. काय गंमत असते बघा, माणूस रागाचासुद्धा नेम चुकवत नाही! आणि लवीनासुद्धा वेडीच म्हणायची, रोज हात थोडासा उचलायची.

बाकी तिने काही सोडलं नाही. उजेड त्याला सोसत नव्हता, म्हणून तिने घरातल्या सगळ्या ट्यूबलाइटना खाकी कागद लावला. मिक्सर तो शाळेतून यायच्या आत फिरवून ठेवायचा, कुकरची शिटी होऊ द्यायची नाही. ड्युटी बदलून घेतली आणि फिजिओकडे त्याला स्वतः नेलं. गाडीत तो कानात हेडफोन घालून खिडकीबाहेर बघायचा आणि ती रस्त्याकडे. एकदा त्याने खाकी कागदाकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं... पण अमेरिकन कोचने जैदचा फोन नंबर घेतलाय अशी बातमी त्याच दिवशी आली होती. तो उठून आत गेला.

हळूहळू डोकं निवळलं. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली, आणि पोरगा असा काही खेळला की उमैर बाजूला उभा राहून नुसता अरबीत 'यल्ला, यल्ला!', चल चल, करत नाचायचा. कुवेतच्या संघाला त्याने दारातून परत पाठवलं, बहरीनचा चेंडू मध्येच झेलून तो थेट टोकापर्यंत पळाला! लवीना प्रत्येक मॅचला यायची आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, दिव्याच्या खांबाआड बसायची, म्हणजे त्याची नजर पडून खेळ बिघडायला नको.

आणि फेब्रुवारीत उमैरचा फोन आला. निळ्या टोपीवाला कोच दोह्यात आलाय. घरी यायचं म्हणतो. त्यांच्यात पद्धत आहे, मुलगा घ्यायचा तर आधी त्याचं घर बघायचं.

मग काय विचारता! मुलगी बघायला यावेत तशी धांदल उडाली. पॅट्रिकने सोफ्याची कव्हरं बदलली, मेलिसा सकाळपासून येऊन बसली, लवीनाने वडे तळले, चिकन केलं. पाहुणे आले आणि तो धिप्पाड माणूस सोफ्यावर टेकला, तेव्हा सोफ्याने कुरकुर केली. वडे मात्र त्याने मोजता येणार नाहीत इतके खाल्ले. लवीना किचनच्या दारातून वाढायची आणि मागे सरायची. दिवेलागण झाली. पॅट्रिक अवघडून म्हणाला, "आज रोजरी नंतर..."

"नो, डॅड," क्लेटन म्हणाला. "वी विल डू इट."

पाहुण्याने टोपी काढली. उमैर आदराने कडेला बसला. रोजरी झाली, तिसरं रहस्य झालं. क्लेटन उठला, वडिलांपुढे वाकला, आत्यापुढे वाकला, डॉलीच्या फोटोला हात जोडले... आणि सवयीने लवीनासमोरून पुढे गेला.

"थांब," पाहुणा म्हणाला. त्याचं अमेरिकन ढंगाचं इंग्रजी लवीनाला निम्मं कळत होतं, निम्मं उमैर सांगत होता. "हे काय असतं मला माहीत नाही. पण तू सगळ्यांकडे गेलास. ज्या बाईमुळे मी इथे आलो, तिच्याकडे का नाही गेलास?"

क्लेटन जागीच थांबला.

"त्या शुक्रवारी मी चव्वेचाळीस नंबर बघायला आलो होतो. चव्वेचाळीस बाकावर! मी उमैरला विचारलं, का? तो म्हणाला, आईने फोन केला." त्याने टोपी हातांत फिरवली. "मी आयुष्यभर पोरं निवडतोय. आया मला फोन करतात, आपला मुलगा किती तयार आहे ते सांगायला. आपल्या मुलाला आज खेळवू नका, असं सांगणारी आई मला एकच भेटली. मग मी तुझ्यावरून डोळे काढले नाहीत. रडत होतास, तरी जैदला डाव सांगत होतास. तेव्हाच ठरवलं की हा मुलगा पाहिजे. फक्त बरा होऊन परत उभा राहतो का, एवढंच बघायचं होतं."

तो थांबला. पुढचं त्याला जड जात होतं.

"माझा एक खेळाडू होता. तुझ्याच जागेवर खेळायचा. त्याला लागलेलं घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी फोन केला नाही." त्याने एकदा खाली पाहिलं. "अजूनही दर वर्षी मी त्याच्या आईला भेटायला जातो."

उमैरचा आवाज ते सांगताना फुटला. मेलिसाने तोंडाला पदर लावला.

आणि तेव्हा पॅट्रिक उठला. इतके महिने न निघालेला आवाज आता निघाला. "मेलिसाबाय, त्या दिवशी तू विचारलंस, पोटचा असता तर फोन केला असता का? मी सख्खा बाप. मला माहीत होतं, आणि मी नाही केला! हिने केला. आणि मी टीव्ही बघत बसलो..." त्याने लवीनाकडे पाहिलं. "मला क्षमा कर गो."

लवीनाचे डोळे वाहू लागले.  तेवढ्यात तिच्यापुढे काहीतरी अवाढव्य खाली आलं. क्लेटन! दोन्ही गुडघे टेकून, हात जोडून, मान खाली घालून तो तिच्या पायांशी बसला होता. त्याचे रुंद खांदे हुंदक्यांनी गदगदत होते.

"आंटी..." तो म्हणाला. आणि मग प्रार्थनेबाहेरचं आपलं पहिलं मराठी, अडखळत, चाचपडत बोलला, "आंटी, मला बेसांव दे. जे दिवस राहिले... त्या सगळ्या दिवसाचं दे."

किती दिवस अर्ध्यावर अडकलेला हात! तो अखेर पूर्ण उचलला गेला आणि त्या केसांवर टेकला. आज तो कळवळला नाही. "देव तुझं भलं करो, माझ्या बाळा," ती म्हणाली. "देव तुझं खूप भलं करो..." आणि प्रत्येक राहिलेल्या संध्याकाळसाठी ती तेच तेच म्हणत राहिली, मोजणं कुणालाच नको होतं.

पाहुण्याने टोपीने डोळे पुसले. मग अमेरिकन रीतीप्रमाणे मुद्द्यावर आला. शिक्षण, राहणं, संघात जागा. सगळं देऊ केलं. "मॅडम, तुमचा मुलगा मी घेऊन जाऊ?"

लवीनाने फोटोतल्या डॉलीकडे एकदा पाहिलं. "ले जाइए," ती म्हणाली. "लेकिन सर पे लगा, तो पहला फोन मुझे."

सगळे रडता रडता हसले.

सप्टेंबरात एका शनिवारी संध्याकाळी वक्राच्या त्याच हॉलमध्ये लॅपटॉपपुढे पॅट्रिक, लवीना आणि मेलिसा असे तिघं बसले होते. तिकडे दुपार होती, हिरव्यागार मैदानावर कॉलेजची मॅच रंगली होती आणि रोजरीचीही वेळ झाली होती. आवाज बंद करून रोजरी सुरू झाली. पॅट्रिकचं पहिलं रहस्य झालं, लवीनाचं दुसरं झालं, आणि इतक्यात मेलिसा ओरडली, "अगो, आपला पोरगा उतरला!"

पहिल्याच वर्षाचा मुलगा, पण त्याच्या जागेवरचा मुख्य खेळाडू लंगडत बाहेर गेला आणि चव्वेचाळीस नंबर आत आला. पहिला डाव त्याने ओळखला. दुसरा ओळखला. तिसऱ्या वेळी दोन देह असे आदळले की बंद आवाजातही लवीनाला ती धडक ऐकू आली. क्लेटन उठला. पुन्हा जागेवर उभा राहिला. मग त्याने मान हलवली, बाहेर पाहिलं, आपला हात उंच केला आणि स्वतःहून चालत मैदानाबाहेर आला!

"का आला बाहेर? कुणी बोलावलं त्याला?" पॅट्रिक उभाच राहिला. "खेळत होता की चांगला!"

"कुणी नाही बोलावलं," लवीना म्हणाली. तिच्या गालांवरून अश्रू ओघळत होते आणि तिला ते पुसायचं भानच नव्हतं. "तो स्वतः सांगायला आलाय."

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, एका पायावर उभं केलं. तो खांबासारखा उभा राहिला. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली, हेल्मेट चढलं. शेवटचा डाव. समोरच्यांनी डावीकडे दाखवलं, अख्खी फळी डावीकडे गेली, आणि चव्वेचाळीस नंबर एकटा उजवीकडे निघाला! चेंडूवाला त्या बाजूने आला तेव्हा क्लेटन दारात उभा होता. त्याने त्याला उचलून असा आडवा केला की सगळं मैदान उसळलं. पोरांनी त्याला खांद्यांवर घेतलं, आणि वक्राच्या तिसऱ्या मजल्यावर पॅट्रिक आणि मेलिसा एकमेकांना मिठ्या मारून नाचू लागले. खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं. ठोकू द्या!

थोड्या वेळाने फोन वाजला. पडद्यावर घामाने निथळलेला चेहरा. "आंटी! सर पे लगा था. नुसतं टोला, काही नाही झालं. पहिलं डॉक्टरला सांगितलं. मग तुला फोन."

"पाहिलं रे बाळा. सगळं पाहिलं."

"व्हॉट आर यू गाइज डूइंग? रोजरी झाली?"

"दुसऱ्यावर थांबलोय," ती म्हणाली. "तू आलास मैदानात, मग कोण म्हणणार?"

"मग तिसरं माझं."

तिने फोन आल्तारावर, डॉलीच्या फोटोला टेकवून ठेवला. तिघं पुन्हा गुडघ्यांवर बसले. पलीकडे जल्लोष चालला होता, कुणीतरी त्याला हाका मारत होतं. पण त्याने डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर मोजत आपलं तिसरं रहस्य अस्खलित म्हटलं, आणि संपल्यावर तो थांबला. वडिलांनी चौथं सुरू करावं म्हणून तो शांतपणे वाट बघत राहिला.